उसाचा बगॅस, नारळाची करवंटी आणि बॅटरी: शेतातल्या कार्बनचं खरं गणित

‘बगॅसपासून बॅटरी’, ‘करवंटीचा कोळसा लिथियमला पर्याय’ अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून मोबाइलवर येत असतात. त्यातलं विज्ञान बहुतेक वेळा खरं असतं, पण अर्धंच सांगितलेलं असतं. उरलेल्या अर्ध्याचा फायदा घेऊन ‘कोळशाचं मशीन घ्या, बॅटरी कंपन्या माल उचलतील’ असं सांगणारेही भेटतात. बेळगाव, चंदगड, कोल्हापूर हा उसाचा पट्टा, कोकण आणि गोवा हा नारळ-काजूचा पट्टा. त्यामुळे हा विषय आपल्या दाराशी येणारच. पैसे गुंतवण्याआधी आणि बातमी पुढे पाठवण्याआधी माहीत असावं असं सगळं या लेखात एकत्र दिलं आहे.

थोडक्यात

- वनस्पतींपासून बनवलेला कार्बन बॅटरीत चालतो. सर्वांत मोठी संधी सोडियम-आयन बॅटरीत आहे.
- पण लोणारी कोळसा आणि बॅटरीचा कार्बन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मधे हजार अंशांच्या वरची भट्टी, धुलाई आणि तपासणी असते.
- सुपरकपॅसिटरला छिद्राळ कार्बन लागतो, बॅटरीच्या ॲनोडला त्याच्या नेमका उलट. सगळ्या कामांना एकच माल चालत नाही.
- कच्चा माल आपल्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून कमाई माल विकण्यात कमी आणि प्रक्रियेत जास्त आहे.

बॅटरीत कार्बन असतो कुठे?

मोबाइल, लॅपटॉप, ई-स्कूटर यांच्या लिथियम-आयन बॅटरीत दोन टोकं असतात, कॅथोड आणि ॲनोड. चार्जिंग करताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून ॲनोडमध्ये जाऊन बसतात आणि बॅटरी वापरताना परत येतात. हा ॲनोड बहुतेक बॅटऱ्यांत ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनचा असतो. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात आणि लिथियम त्या पानांच्या मधे शिरतं. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार साठवू शकतं. बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे, म्हणजे वीजबिलातल्या एका युनिटमागे, साधारण एक किलो ग्रॅफाइट लागतं. तीन युनिटची बॅटरी असलेल्या स्कूटरमध्ये तीन किलोच्या आसपास.

कार्बनशी हे नातं जुनं आहे. जपानचे अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये केलेल्या लिथियम-आयन बॅटरीत ॲनोडसाठी पेट्रोलियम कोक, म्हणजे खनिज तेलाच्या गाळापासूनचा कार्बन वापरला होता. सोनीनं १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये योशिनो, जॉन गुडइनफ आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग आता वनस्पतींकडे वळायचं कारण काय? पहिलं कारण पुरवठा. बॅटरीच्या दर्जाचं ९० टक्क्यांहून अधिक ग्रॅफाइट चीनमध्ये तयार होतं आणि चीननं १ डिसेंबर २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. दुसरं कारण भट्टी. कृत्रिम ग्रॅफाइटसाठी २८०० ते ३००० अंश सेल्सिअस तापमान लागतं, त्याचं वीजबिल प्रचंड येतं. तिसरं कारण सोडियम, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं.

सोडियमला ग्रॅफाइट का चालत नाही?

सोडियम मिठात आहे, समुद्रात आहे, कुठल्या एका देशाच्या ताब्यात नाही. सोडियम-आयन बॅटरीत महागडं लिथियम लागत नाही, ॲनोडच्या बाजूला तांब्याऐवजी ॲल्युमिनिअमची फॉइल चालते. तेवढ्याच वजनात वीज मात्र थोडी कमी साठते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा ई-रिक्षा, छोटी स्कूटर, सोलरची साठवण, घरचा इन्व्हर्टर अशा कामांना ती जास्त शोभते.

अडचण अशी, की सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट शिरतच नाही. ‘सोडियमचा आयन मोठा म्हणून’ असं कारण बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते अपुरं आहे. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षाही मोठा, तरी तो ग्रॅफाइटमध्ये शिरतो. खरी गोष्ट अशी, की सोडियम आणि ग्रॅफाइट यांचं जे संयुग व्हायला हवं ते ऊर्जेच्या दृष्टीनं स्थिर राहत नाही. म्हणून सोडियमसाठी वेगळ्या घडणीचा कार्बन लागतो. त्याला हार्ड कार्बन म्हणतात.

हार्ड कार्बनमध्ये थर असतात, पण ते सरळ रचलेले नसतात. पत्त्यांचा कॅट जमिनीवर उधळल्यावर पत्ते जसे आडवेतिडवे पडतात तसे ते असतात. थरांमधलं अंतर ग्रॅफाइटपेक्षा जास्त असतं: ग्रॅफाइटमध्ये ०.३३५ नॅनोमीटर, हार्ड कार्बनमध्ये ०.३७ ते ०.४० च्या आसपास. शिवाय मधे बंद पोकळ्या राहतात. सोडियम थरांतही बसतं आणि पोकळ्यांतही.

डांबर वितळतं, लाकूड वितळत नाही

वनस्पतींचं इथे एवढं महत्त्व का, याचं उत्तर रोझलिंड फ्रँकलिन यांच्या कामात सापडतं. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रांसाठी त्या ओळखल्या जातात, पण त्याआधी त्यांनी कोळशावर अनेक वर्षं काम केलं होतं. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी कार्बनच्या दोन जाती दाखवल्या. एक जात तापवत नेली की तिचं ग्रॅफाइट होतं. दुसरी जात ३००० अंशांपर्यंत तापवली तरी होत नाही.

डांबर किंवा पेट्रोलियमचा गाळ तापवला की तो आधी वितळतो, आणि वितळलेल्या अवस्थेत कार्बनच्या थरांना हलून नीट रचून बसायला वाव मिळतो. लाकूड, करवंटी, बगॅस यांतल्या सेल्युलोज आणि लिग्निनमध्ये ऑक्सिजन भरपूर असतो. ते तापताना वितळत नाहीत, जागच्या जागी एकमेकांना जखडून टाकतात. तो आडवातिडवा सांगाडा मग कायमचा राहतो. ग्रॅफाइट बनवणाऱ्याच्या दृष्टीनं हा दोष, सोडियमच्या दृष्टीनं हाच गुण.

योगायोग असा, की सोडियमच्या हार्ड कार्बनची कथा साखरेपासूनच सुरू होते. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० साली ग्लुकोज जाळून, म्हणजे हवेशिवाय तापवून, हार्ड कार्बन केला आणि त्यात सोडियम ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास साठतं हे दाखवलं. लिथियमसाठी ग्रॅफाइट जेवढं काम करतं त्याच्या जवळपासचा हा आकडा. त्यानंतर जगभर लोकांनी केळीच्या सालीपासून शेंगांच्या टरफलापर्यंत हाताला येईल ते भाजून पाहिलं आहे.

शेतातून बॅटरीपर्यंत: पायऱ्या

१. वाळवणं आणि दळणं. कारखान्यातून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते आधी काढावं लागतं.

२. पहिली भाजणी. ४०० ते ६०० अंशांना हवा कोंडून भाजलं की कोळसा होतो. लोणारी भट्टी इथवरच पोचते. या कोळशात हायड्रोजन आणि इतर द्रव्यं शिल्लक असतात आणि तो वीज नीट वाहून नेत नाही.

३. धुलाई. वनस्पतीत पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका असतंच. ते आम्लानं, गरज पडल्यास अल्कलीनं धुऊन काढतात. लोखंडाचे कण राहिले तर बॅटरीत आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

४. दुसरी भाजणी. नायट्रोजन किंवा आरगॉन वायूत १००० ते १५०० अंश. हार्ड कार्बन इथे घडतो. तापमान कमी राहिलं तर बाहेरची छिद्रं उघडी राहतात. फार वाढवलं तर थर जवळ येऊन सोडियमची जागाच कमी होते.

५. दळण, चाळण, लेप. काही मायक्रॉनची एकसारखी भुकटी, कधी तिच्यावर कार्बनचा पातळ लेप. मग प्रत्येक लॉटची तपासणी.

या सगळ्यातून एक किलो कोरड्या मालामागे साधारण दीडशे ते तीनशे ग्रॅम कार्बन हाती लागतो. करवंटीसारख्या टणक मालातून जास्त, बगॅससारख्या हलक्या मालातून कमी.

जास्त छिद्रं म्हणजे चांगली बॅटरी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. करवंटीच्या कोळशाला ८०० ते १००० अंशांना वाफ दिली की ॲक्टिव्हेटेड कार्बन होतो. पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमध्ये असतो तोच. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग एक ते दोन हजार चौरस मीटर असतो, म्हणजे चिमूटभर भुकटीच्या पोटात दहा ते वीस गुंठे! सुपरकपॅसिटर, म्हणजे झटकन चार्ज होऊन झटकन वीज सोडणारं साधन, याला हाच कार्बन लागतो आणि त्यात करवंटीचा कार्बन आज खरोखर व्यापारी प्रमाणात वापरला जातो.

बॅटरीच्या ॲनोडला मात्र एवढा पृष्ठभाग घातक. पहिल्या चार्जिंगला कार्बनच्या पृष्ठभागावर एक पातळ थर जमतो आणि त्यात काही सोडियम किंवा लिथियम कायमचं अडकतं. कोरं मडकं पहिलं पाणी पिऊन टाकतं तसंच हे. पृष्ठभाग जितका जास्त, तितकं हे नुकसान जास्त. म्हणून ॲनोडच्या हार्ड कार्बनचा पृष्ठभाग ग्रॅममागे साधारण दहा चौरस मीटरच्या आत ठेवतात. पोकळ्या हव्यात, पण आत बंद असलेल्या.

तेव्हा एखाद्या बातमीत ‘प्रचंड छिद्राळ कार्बन, म्हणून बॅटरी दमदार’ एवढंच लिहिलं असेल, तर विचारायचा प्रश्न एकच: पहिल्या चार्जमध्ये जेवढी वीज घातली त्यातली किती परत मिळाली? हा आकडा दिलेला नसेल तर ती प्रयोगशाळेतली गंमत समजावी, बॅटरी नव्हे.

कुठला माल कशाला?

- करवंटी: राख एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, टणक, एकसारखी. सुपरकपॅसिटर आणि हार्ड कार्बन दोन्हींसाठी उत्तम. जपानची कुराराय कंपनी वनस्पतीजन्य हार्ड कार्बन व्यापारी पातळीवर विकते.
- बगॅस: एकाच ठिकाणी, रोज, ढिगानं मिळतो हा मोठा फायदा. हलका असल्यानं साठवण आणि वाहतूक महाग. राख करवंटीपेक्षा जास्त, त्यात सिलिका आणि शेतातली माती.
- भाताचं तूस: वजनाच्या १५ ते २० टक्के राख आणि ती बहुतेक सिलिका. हार्ड कार्बनला अडचण, पण दुसरा मार्ग आहे. ही सिलिका मॅग्नेशियमबरोबर तापवून तिचं सिलिकॉन करता येतं. सिलिकॉन लिथियम ग्रॅफाइटच्या नऊ-दहा पट साठवतं, मात्र साठवताना तिप्पट-चौपट फुगतं आणि फुटतं. २०१३ मध्ये अशा तुसाच्या सिलिकॉनवरचे निबंध प्रसिद्ध झाले, त्यात तुसाची नैसर्गिक सच्छिद्र घडण हा फुगवटा सोसते असं दिसलं.
- काजूची टरफलं: गोवा, चंदगड, सिंधुदुर्गात भरपूर. आधी तेल काढून घ्यावं लागतं, ते स्वतंत्रपणे विकलं जातं. उरलेल्या पेंडीचा कोळसा होतो, पण तेलाचा अंश राहिला तर धूर आणि त्रास दोन्ही.
- पऱ्हाटी, सोयाबीनचं भुसकट, कडबा: माळवा, गुजरात, तेलंगणात हा माल जास्त. पिकं, माती, खतं बदलली की राखही बदलते. एकसारखेपणा टिकवणं हीच खरी परीक्षा.

एका साखर कारखान्याचा हिशेब

दिवसाला ५००० टन ऊस गाळणारा कारखाना धरा. उसाच्या वजनाच्या २८ टक्के बगॅस धरला तर दिवसाला १४०० टन. पाणी वजा जाता ७०० टन कोरडा माल. त्यातून कमीत कमी १५ टक्के हार्ड कार्बन धरला तरी १०० टनांच्या वर. सोडियम बॅटरीत युनिटमागे साधारण दीड किलो कार्बन धरू. म्हणजे १०० टनांत ६६ हजार युनिटच्या बॅटऱ्या, किंवा तीन युनिटच्या २२ हजार स्कूटर, एका दिवसात. दीडशे दिवसांच्या हंगामात ३३ लाख स्कूटर. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशभरात विजेवरच्या दुचाकी विकल्या गेल्या ११ लाखांच्या वर.

हिशेब ढोबळ आहे, पण अर्थ स्पष्ट आहे. एका कारखान्याचा सगळा बगॅस वापरला तर देशातल्या सगळ्या ई-स्कूटरना पुरून उरेल. शिवाय कारखाने बगॅस फेकून देत नाहीत. तो बॉयलरला जातो, त्यावर कारखाना चालतो आणि को-जनची वीज विकली जाते. बगॅस बाहेर काढला तर बॉयलरला दुसरं इंधन आणावं लागेल.

म्हणून ‘बॅटरीमुळे बगॅसला सोन्याचा भाव येईल आणि ऊसदर वाढेल’ ही अपेक्षा ठेवू नये. कच्चा माल कमी पडत नाही, तर त्याची किंमत वाढणार कशी? कमी पडते ती भट्टी, शुद्धता आणि बॅटरी कंपनीची मान्यता. हा टप्पा ज्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात. सहकारी कारखान्यांनी डिस्टिलरी आणि को-जन उभी केली तशी ही पायरी स्वतः उभी केली, तरच सभासदाच्या पदरात काही पडेल. नाहीतर गूळ दुसऱ्याचा आणि चिपाड आपलं.

जगात आणि देशात काय चाललंय?

चीनच्या सीएटीएल कंपनीनं जुलै २०२१ मध्ये पहिली सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली. भारतात रिलायन्सनं ब्रिटनच्या फॅराडियन कंपनीची खरेदी २०२१ च्या शेवटच्या दिवशी जाहीर केली. पुण्याच्या केपीआयटीनं डिसेंबर २०२३ मध्ये आयसर पुणेच्या सहकार्यानं विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान समोर आणलं. पुण्याचं सी-मेट, हैदराबादचं एआरसीआय, तमिळनाडूत कारैकुडीचं सेक्री या सरकारी संस्थांतही सोडियम बॅटरीवर काम चालतं. म्हणजे या विषयातला सल्ला मराठी माणसाला लांबून आणावा लागत नाही.

सावध करणारं उदाहरणही आहे. फिनलंडच्या स्टोरा एन्सो या कागद कंपनीनं लाकडातल्या लिग्निनपासून ‘लिग्नोड’ नावाचा हार्ड कार्बन केला आणि सुनिला इथे २०२१ मध्ये प्रायोगिक प्लांट सुरू केला. २०२२ मध्ये स्वीडनच्या नॉर्थव्होल्टशी भागीदारी जाहीर झाली. २०२३ मध्ये सुनिलाची लगदा गिरणी बंद पडली आणि मार्च २०२५ मध्ये नॉर्थव्होल्टनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तंत्र चांगलं असणं आणि धंदा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत कोळसा टाकला तर?

टाकू नका. लेड-ॲसिड बॅटरीच्या ऋण प्लेटमध्ये थोडासा खास कार्बन मिसळतात हे खरं आहे. अर्धवट चार्ज राहणाऱ्या बॅटरीत प्लेटवर लेड सल्फेटचे टणक खडे धरतात, कार्बनमुळे ते कमी होतात. पण हा कार्बन कारखान्यात प्लेट बनवतानाच घालतात. वरून झाकण उघडून भुकटी टाकली तर ती प्लेटांच्या मधे साचून शॉर्ट करते, हायड्रोजन जास्त सुटतो आणि अंगावर ॲसिड उडण्याचा धोका असतो.

मशीन घेण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. भट्टी किती अंशांपर्यंत जाते? ७०० च्या आत असेल तर हाती येतो तो साधा कोळसा. ‘बॅटरी ग्रेड’ हा शब्द तिथे खोटा.

२. माल कोण घेणार? कंपनीचं नाव, खरेदीचा लेखी करार आणि नाकारलेल्या मालाचं काय होणार, हे कागदावर आहे का? मशीन विकणाराच ‘बाय-बॅक’ देत असेल तर त्याचा माल पुढे कोण घेतं?

३. राख किती टक्के, पृष्ठभाग किती, पहिल्या चार्जची परतफेड किती? हे तीन आकडे त्रयस्थ प्रयोगशाळेचे आहेत का?

४. प्रत्येक लॉटला तेच आकडे येतात का? एक नमुना चांगला येणं सोपं आहे.

५. धुलाईच्या आम्लाच्या पाण्याचं काय? प्रदूषण मंडळाची संमती लागते आणि पंचगंगेकाठच्या लोकांना ती का लागते हे वेगळं सांगायला नको.

६. माल राज्याची हद्द ओलांडणार असेल तर भट्टी एका राज्यात आणि माल दुसऱ्यात, अशा वेळी अनुदान आणि संमती कुठल्या राज्याची?

पाचट विकावं का?

उसाचं पाचट शेतातच कुजवलं तर ओल टिकते आणि पोटॅश मातीत परत जातं. बॅटरीसाठी नेलं तर तेच पोटॅश धुलाईच्या पाण्यात वाहून जातं. कार्बनला माल लागणार तो कारखान्याच्या, मिलच्या, काजू फॅक्टरीच्या आवारात आयता पडलेला आहे. शेत मोकळं करायची गरज नाही. पाचट जाळण्यापेक्षा विकलेलं बरं, पण विकण्यापेक्षाही शेतात ठेवलेलं चांगलं.

आज सीमाभागात ज्याला या धंद्यात पाऊल टाकायचं असेल त्याच्यासाठी करवंटीचा कोळसा ही त्यातल्या त्यात सुरक्षित सुरुवात आहे. त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनचे कारखाने आजही गिऱ्हाईक आहेत, बॅटरीची वाट पाहावी लागत नाही. बगॅसचा हार्ड कार्बन हे एकट्यादुकट्याचं काम नाही. कारखाना, संशोधन संस्था आणि बॅटरी कंपनी एकत्र बसल्या तरच ते जमेल. तोवर कुणी भट्टी विकायला आला, तर आधी वरचे सहा प्रश्न त्याच्यासमोर ठेवावेत.